जुन्या मालकाचा शेरा आणि आपले उत्तर



नोकरी मिळवणे कठीण आहे हे आपण सर्वजण जाणतो. परंतु एक नोकरी सोडून दुसरीकडे जाताना पहिल्या मालकाने मागे लावलेला खोटा शेरा पुसून काढणे हे त्याहूनही कठीण असते. याविषयी फारसे कोणी उघडपणे बोलत नाही. ज्याच्यावर हा प्रसंग येतो तो लाजेने गप्प बसतो आणि घरच्यांना 'तिथे जमले नाही' एवढेच सांगतो. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत हाच विषय घ्यावा असे मी ठरविले.

गेल्या वर्षी पोलादपूरकडील एक मुलगा माझ्या काउंटरवर पासबुक भरून घ्यायला आला. आयटीआय झालेला, अंगात कामाचा निळा शर्ट. पासबुक भरून झाले तरी तो हलेना. मग हळूच म्हणाला, "काका, एक विचारू का?" तो तीन वर्षे एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. दुसऱ्या कंपनीत निवड झाली, कपड्याचे माप घेतले, रुजू होण्याची तारीखही दिली. चार दिवसांनी फोन आला, "तुमचा जुन्या ठिकाणचा रिपोर्ट बरोबर नाही." रिपोर्टमध्ये काय आहे, कोणी दिला, कोणाला दिला, यातले काहीच त्याला माहीत नव्हते. मी विचारले, "तुझ्याकडे कागद कोणता आहे?" तो म्हणाला, "काहीच नाही."

हे उत्तर ऐकून मला माझेच जुने दिवस आठवले.

माझा अनुभव

बी. ए. झाल्यावर २००२ साली मी मुंबईत मस्जिद बंदरला एका पेढीवर लिखापढीच्या कामाला लागलो. पगार रोखीने, वेळेवर कधीच नाही. तीन महिन्यांचा पगार थकला तेव्हा मी तो मागितला आणि मिळताच नोकरी सोडली. दिवाळीच्या हिशेबाच्या तोंडावर सोडली म्हणून मालकाला राग आला. त्यानंतर गावाकडे एका कार्यालयात हिशेबनिसाची जागा मला मिळाल्यासारखीच होती. तेथून मुंबईला चौकशीचा फोन गेला आणि तिकडून उत्तर आले, "मुलगा हिशेबात सरळ नाही." जागा गेली.

मी तावातावाने मुंबईला जायला निघालो होतो. वडिलांनी अडविले. ते म्हणाले, "तिथे जाऊन भांडलास तर तो जे बोलला तेच खरे ठरेल. तू चोरी केली नाहीस याला कागद काय आहे ते आधी शोध." शोधले तेव्हा एका जुन्या वहीत एक चिठ्ठी सापडली. नोकरी सोडण्याच्या दिवशी पेढीवरील वृद्ध मेहताजींनी रोकड मोजून घेऊन 'शिल्लक बरोबर मिळाली' असे लिहून खाली सही व तारीख घातली होती. मी ती पानांत खूण म्हणून घालून ठेवली होती! ती घेऊन मी त्या कार्यालयात गेलो. तेथील साहेबांनी ती दोनदा वाचली. जागा भरली गेली होती, त्यामुळे ती नोकरी मला मिळाली नाहीच. पण त्या साहेबांच्या मनातील माझ्याविषयीचा समज त्या दिवशी बदलला, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. पुढे २०१२ साली बँकेत लागताना पूर्वीच्या नोकरीचा रकाना आला. तो मी रिकामा ठेवला नाही. सर्व खरे लिहिले आणि चिठ्ठीची प्रत जोडली.

आपल्या मातीतील एक मोठा शेरा

एका मालकाने एका नोकराला वाईट शेरा देणे ही एक गोष्ट झाली. परंतु एका फार मोठ्या मालकाने एका सबंध समाजालाच वाईट शेरा दिल्याचा प्रसंग इतिहासात आहे आणि त्याला लेखी उत्तर देणारा माणूस आपल्या महाड तालुक्यातला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत. असे असता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने काही जाती 'लढवय्या' आणि बाकीच्या 'बिगर लढवय्या' अशी विभागणी केली आणि १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. म्हणजे ज्यांनी चाकरी केली त्यांनाच मालकाने शेरा दिला की, तुम्ही या कामास लायक नाही. कोकणातील कित्येक घरांची भाकरी आणि मुलांचे शिक्षण त्या नोकरीवर अवलंबून होते.

महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली लष्करातून पेन्शन घेऊन आलेले गृहस्थ. त्यांनी १८९४ साली निवृत्त सैनिकांच्या वतीने सरकारला उद्देशून अर्ज तयार केला. भरती पुन्हा सुरू करावी अशी त्यात मागणी होती आणि तिला समाजाच्या आजवरच्या सेवेचा आधार दिलेला होता. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, ते महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले. भरतीच्या प्रश्नावर शिवराम जानबा कांबळे यांनीही पुढे अर्ज केले.

या अर्जांनी लगेच काही झाले नाही. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसे हवी झाली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडलीही. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४१ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती आजही भारतीय सैन्यात आहे. वलंगकरांच्या अर्जापासून मोजले तर ४७ वर्षे झाली.

या हकिकतीतून आपल्या विषयापुरत्या तीन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. शेऱ्याला उत्तर शिवीने दिले नाही, सेवेच्या पुराव्याने दिले. तोंडी दिले नाही, लेखी दिले. आणि पहिल्या अर्जाला यश आले नाही म्हणून मागणी सोडली नाही.

कागद चार प्रकारचे असतात

आता व्यवहाराकडे वळू. नोकरी सोडताना मिळणाऱ्या कागदांत आपली पोरे गल्लत करतात. ते वेगळे ओळखावेत.

पहिला, सेवेचा किंवा अनुभवाचा दाखला. त्यात अमुक माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होता एवढीच हकिकत असते. दुसरा, कार्यमुक्तीचे पत्र, ज्याला सर्वजण रिलिव्हिंग लेटर म्हणतात. राजीनामा स्वीकारला व कामातून मोकळे केले, असा त्याचा अर्थ. तिसरा, येणे-देणे बाकी नसल्याचा कागद. चौथा, शिफारसपत्र, म्हणजे माणूस कसा आहे याविषयी मालकाचे मत.

यातील पहिले तीन कागद नोंदीवरून तयार होतात, चौथा मनावरून. चांगले मत द्याच, असे आपण कोणावर बंधन घालू शकत नाही. मात्र नोंदीप्रमाणे हकिकत द्या, असे हक्काने म्हणता येते. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत, कायम कामगाराला बडतर्फी, सेवासमाप्ती वा निवृत्ती यांपैकी कोणत्याही वेळी सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला होता. बडतर्फ झालेल्यालाही दाखला मिळे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण त्याने काम केले ही गोष्ट बडतर्फीने खोटी होत नाही. तो कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आपल्या कारखान्याला कोणते स्थायी आदेश लागू आहेत हे युनियनकडून किंवा कामगार कार्यालयातून समजून घ्यावे.

पगाराची बाब वेगळी. वेतन संहिता, २०१९ हीदेखील त्याच दिवसापासून अमलात आली. तिच्यानुसार राजीनामा दिला वा कामावरून काढले तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. तेव्हा 'आधी सही कर, मग पगार आणि दाखला देतो' असे म्हणणाऱ्यासमोर कोऱ्या कागदावर सही करू नये.

शेरा कळल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

एक. नेमके काय सांगितले गेले ते समजून घ्यावे. 'रिपोर्ट वाईट आहे' एवढ्यावर काहीच करता येत नाही. नव्या ठिकाणी जाऊन नम्रपणे विचारावे, "माझ्याविषयी काय कळविले आहे ते सांगितल्यास मी खुलासा करू शकेन." ते सांगण्यास बांधलेले नसतात, पण पुष्कळदा सांगतात. जे सांगतील ते घरी येऊन तारखेसह लिहून ठेवावे. कोण बोलले, कोणासमोर बोलले, फोनवर की लेखी, हेही लिहावे.

दोन. त्या शेऱ्याचे तीन भाग करावेत. खरे काय, खोटे काय आणि केवळ मत काय. 'एप्रिलमध्ये सहा दिवस गैरहजर' ही हकिकत आहे, ती हजेरीपटावरून खरी किंवा खोटी ठरेल. 'कामात मन नव्हते' हे मत आहे. 'पैशाची अफरातफर केली' हा आरोप आहे आणि तो सर्वांत गंभीर. आता मनाशी प्रामाणिक राहून पाहावे. खरोखरच सहा दिवस गैरहजर राहिलो असू तर ते कबूल करून कारण सांगावे. आई इस्पितळात होती, कागद हा. जो खरी चूक मान्य करतो त्याच्या बाकीच्या खुलाशावर विश्वास बसतो. सगळेच नाकारणाऱ्याचे काहीच खरे वाटत नाही.

तीन. पुरावा गोळा करावा. मालकाने दाखला दिला नाही तरी आपल्या नोकरीच्या खुणा इतर ठिकाणी उमटलेल्या असतात. बँकेच्या खातेउताऱ्यात पगार कोणाकडून, कोणत्या महिन्यात आला ते दिसते. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात मालकाचे नाव आणि महिनावार भरणा असतो. कर्मचारी राज्य विमा कार्ड, फॉर्म १६, हजेरी कार्ड, रजेचे मंजूर अर्ज, पगारवाढीचे पत्र, दिवाळी बोनसची पावती, या सर्वांना किंमत आहे. वर्षानुवर्षे पगारवाढ देणारा मालक शेवटी 'काम कधीच समाधानकारक नव्हते' म्हणू लागला तर पगारवाढीचे पत्रच त्याला उत्तर देते.

भविष्य निर्वाह निधीबाबत आणखी एक गोष्ट. काही मालक नोकरी सोडल्याची तारीख निधी कार्यालयाला कळवीतच नाहीत, त्यामुळे पुढची कामे अडतात. जानेवारी २०२० पासून, शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावर, ही तारीख कर्मचाऱ्याला स्वतःच आपल्या यूएएन खात्यातून नोंदविता येते.

जुन्या मालकास पत्र

त्यानंतर जुन्या मालकास पत्र लिहावे. पत्र एका पानाचे असावे. त्यात राग, टोमणा, धमकी नसावी. उदाहरणादाखल मसुदा देतो :

"महोदय, मी आपल्या आस्थापनेत दि. ... ते दि. ... या काळात ... या पदावर काम केले. माझ्या कामाविषयी आपणाकडे चौकशी झाली असता '...' असे कळविण्यात आल्याचे मला समजले. ही माहिती वस्तुस्थितीस धरून नाही. त्या पुष्ट्यर्थ सोबत ... यांच्या प्रती जोडल्या आहेत. तरी कृपया आपल्याकडील नोंदी तपासून सदर माहितीत दुरुस्ती करावी व माझा सेवाकाळ, पद आणि कामाचे स्वरूप नमूद केलेला दाखला पंधरा दिवसांत द्यावा, ही विनंती. आपला विश्वासू, ..."

पत्राची प्रत ठेवावी. हाती दिले तर आपल्या प्रतीवर 'मिळाले' असा शिक्का व सही घ्यावी. टपालाने पाठविले तर पोच जपावी. रजिस्टर्ड पोस्ट ही जुनी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून टपाल कचेरीत 'पोच पाहिजे' असे सांगूनच पाठवावे. ईमेलनेही पाठवावे. बऱ्याच वेळा वाईट शेरा मालकाने दिलेलाच नसतो. मधल्या एखाद्या मुकादमाने किंवा कारकुनाने रागाच्या भरात फोनवर काही तरी सांगितलेले असते. साहेबांच्या टेबलावर पत्र गेले की नोंदी काढल्या जातात आणि प्रकरण तेथेच मिटते.

दुसरा साक्षीदार उभा करा

एका माणसाच्या मताला उत्तर म्हणजे दुसऱ्या माणसाचे मत. आपल्या कामावर प्रत्यक्ष देखरेख करणारा सुपरवायझर, नोकरी सोडून गेलेला पूर्वीचा अधिकारी, ज्यांच्याशी कामानिमित्त संबंध आला तो पुरवठादार, आयटीआयचे निदेशक, महाविद्यालयाचे प्राध्यापक, यांच्याकडून थोडक्यात पत्र घ्यावे. 'मुलगा सद्वर्तनी व होतकरू आहे' असल्या छापील वाक्यांचा उपयोग होत नाही. 'दोन वर्षे रात्रपाळीत माझ्या हाताखाली बॉयलरवर होता, लॉगबुक स्वतः भरीत असे' हे एक वाक्य त्याहून मोलाचे असते.

नव्या ठिकाणी मुलाखतीच्या आधीच सांगून टाकणे हेही शहाणपणाचे असते. मात्र दोन वाक्यांत सांगावे. "जुन्या ठिकाणी थकीत पगारावरून मतभेद झाला, त्यामुळे तेथून अनुकूल मत येईलच असे नाही. माझ्या कामाविषयी या दोन व्यक्तींना विचारावे, आणि हे कागद." एवढेच. जुन्या मालकाची निंदा सुरू केली की ऐकणारा मनात म्हणतो, उद्या हा माझ्याविषयीही असेच बोलेल.

सरकारी व बँक नोकरांसाठी

सरकारी नोकरीत शेरा गोपनीय अहवालात लिहिला जातो. हा अहवाल पूर्वी खरोखरच गोपनीय असे. अधिकाऱ्याने काय लिहिले ते माणसाला बढती हुकल्यावर कळे. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली गुरदयालसिंग फिज्जी यांच्या प्रकरणात सांगितले की, प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवून खुलाशाची संधी दिल्याशिवाय त्या आधारे बढती नाकारता येणार नाही. पुढे २००८ साली देव दत्त या सीमा रस्ते सेवेतील अभियंत्याचे प्रकरण आले. त्यांच्या अहवालात एका वर्षी 'चांगला' असे लिहिले होते, परंतु बढतीसाठी 'फार चांगला' हवे होते. म्हणजे वरवर चांगला दिसणारा शेराच आड आला! न्यायालयाने ठरविले की चांगली असो, वाईट असो, प्रत्येक नोंद वाजवी मुदतीत कळविलीच पाहिजे. २०१३ मध्ये मोठ्या पीठानेही हेच मत कायम केले. तेव्हा जे सरकारी नोकरीत आहेत त्यांनी दरवर्षी आपला अहवाल मागून घेऊन वाचावा आणि अमान्य असेल तर मुदतीत लेखी निवेदन द्यावे.

इतर देशांत काय आहे?

फ्रान्समध्ये १८०३ पासून कामगाराला एक वही बाळगावी लागे. जुन्या मालकाने वहीत मोकळे केल्याची नोंद केल्याशिवाय नवे काम मिळणे कठीण होई. ही पद्धत १८९० मध्ये रद्द झाली. आपल्याकडे इंग्रज साहेबांच्या बंगल्यावरील खानसामे आणि शिपाई साहेबाने दिलेल्या चिठ्ठ्या फडक्यात बांधून जपत. आपल्याकडची 'चिठ्ठी'च इंग्रजीत 'चिट' होऊन बसली. जर्मनीत नोकराला लेखी प्रशस्तिपत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. परंतु तेथील मालकांनी गोड भाषेत वाईट सांगण्याची युक्ती काढली. 'याने प्रयत्न केला' असे लिहिले की वाचणारा समजतो, याला जमले नाही. इंग्लंडमध्ये १९९४ साली एका विमा प्रतिनिधीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च पीठाने निर्णय दिला की, माजी नोकराविषयी माहिती देताना मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे. निष्काळजीपणे चुकीची माहिती दिली आणि त्याने नुकसान झाले तर मालक जबाबदार ठरतो.

कायद्याची पायरी शेवटची

'त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो' असे आपण रागाने पटकन म्हणतो. तेव्हा कायदा काय आहे ते पाहू. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ व ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा बदनामी झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत फार थोडी आहे, हे विसरू नये.

परंतु प्रत्येक वाईट शेरा म्हणजे बदनामी नव्हे. एक तर तो शेरा तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचलेला असला पाहिजे. मालकाने केवळ आपल्या हाती दिलेल्या कागदात काही लिहिले तर ती बदनामी होत नाही. दुसरे, सद्भावनेने, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी केलेले विधान अपवादात बसते. जुन्या दंडसंहितेतच दुकानदाराचे उदाहरण होते. दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, या गिऱ्हाइकाला रोखीशिवाय माल देऊ नको, मला त्याच्या सचोटीचा भरवसा नाही. सद्भावनेने बोलला असेल तर तो गुन्हेगार नाही. म्हणजे मालकाने प्रामाणिकपणे दिलेले प्रतिकूल मत कायदा चालू देतो. खोटे आहे हे माहीत असून, सूड म्हणून सांगितले हे दाखवावे लागते. म्हणूनच आधी लिहिलेल्या पत्राचे महत्त्व! पुरावे पाठवूनही मालक तेच खोटे पुन्हा सांगत राहिला तर 'मला ठाऊक नव्हते' असे त्याला म्हणता येत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयाच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळालेला आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

नोकरी सोडतानाच घ्यावयाची काळजी

विद्यार्थी मित्रांनो, ज्यांनी अजून पहिली नोकरीही धरली नाही त्यांच्यासाठी हा भाग आहे. नेमणूकपत्र मागून घ्या. ठेकेदाराकडे असाल तर त्याचे पूर्ण नाव व पत्ता लिहून ठेवा. राजीनामा लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. ठरलेली नोटीस पूर्ण करा. रागाच्या भरात मध्येच काम टाकून जाल तर 'न सांगता निघून गेला' हा शेरा खरा ठरेल. हातातील काम, किल्ल्या, हत्यारे, ओळखपत्र, रोकड हे सर्व यादी करून सोपवा आणि यादीवर सही घ्या. मेहताजींच्या त्या चार शब्दांच्या चिठ्ठीने मला हेच शिकविले.

आणि कागद जपा. आपल्या भागात हे विशेष सांगावे लागते. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैमधील पुरात महाडमध्ये लोकांच्या घरादारातून पाणी गेले, त्यात किती दाखले, किती गुणपत्रिका चिखल झाल्या याची गणती नाही. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. एक झेरॉक्स संच मुंबईच्या नातेवाइकांकडे. आणि मोबाईलवर फोटो काढून स्वतःच्याच ईमेलला पाठवून ठेवावेत, त्याला पैसा लागत नाही.

शेवटी आपल्यातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. आपणही आता कोठे मुख्याध्यापक आहोत, कोठे सुपरवायझर, कोठे संस्थेचे पदाधिकारी. आपल्याकडेही चौकशीचे फोन येतात. तेव्हा तोंडाला येईल ते बोलू नये. नोंद पाहून सांगावे आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे. ओळखीच्या मुलाला खोटी स्तुती देऊ नये आणि न आवडणाऱ्याला खोटा डागही लावू नये. एका फोनवर एका घराची चूल अवलंबून असते.

पोलादपूरच्या त्या मुलाचे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. त्याच्या खात्याचा उतारा काढला तेव्हा ३४ महिन्यांचा पगार ओळीने जमा दिसला. नव्या कंपनीत विचारल्यावर कळले की 'वारंवार गैरहजर' असा शेरा होता. मी सांगितल्याप्रमाणे त्याने ठेकेदाराला एक पानी पत्र दिले आणि सोबत उतारा व निधीचे पासबुक जोडले. पंधरा दिवस उत्तर नाही. त्याने दुसरे पत्र दिले. मग ठेकेदाराच्या कारकुनाने फक्त तारखा व पद लिहिलेला दाखला दिला. ना स्तुती, ना माफी. पहिली कंपनी तोपर्यंत हातची गेली होती. पण त्या दाखल्यावर दोन महिन्यांनी त्याला दुसरीकडे काम मिळाले. पेढे घेऊन आला तेव्हा त्याच्या काखेत एक प्लॅस्टिकची फाईल होती. तिच्यात नव्या नोकरीचे नेमणूकपत्र सर्वांत वर लावलेले होते.